शिकागोच्या पश्चिम उपनगरांत घर घेताना: आधी काय, नंतर काय आणि घोळ कुठे होतो

नेपरव्हिल, ऑरोरा, प्लेनफील्ड, ओस्वीगो, यॉर्कव्हिल या पट्ट्यात घर घेणाऱ्यांचा घोळ बहुधा घराच्या निवडीत होत नाही, कामांच्या क्रमात होतो. शनिवारी ओपन हाऊस बघितलं, किचन आवडलं, रविवारी ऑफर गेली. शाळा कुठली, टॅक्स किती, बेसमेंटमध्ये पाणी येतं का, ही चौकशी त्यानंतर सुरू होते. तोवर मन घरात अडकलेलं असतं आणि प्रत्येक वाईट उत्तराला सबब सापडते. म्हणून खालच्या क्रमात घर बघणं बरंच उशिरा येतं. नियम इलिनॉयचे आहेत. इंडियाना, ओहायो किंवा मिशिगनला प्रॉपर्टी टॅक्सचं गणितच वेगळं आहे, तिथे हे आकडे लावू नका.

१. महिन्याचा खरा आकडा काढा

५ लाख डॉलरचं घर, २० टक्के डाउन पेमेंट, म्हणजे ४ लाखांचं कर्ज. साडेसहा टक्के दराने ३० वर्षांसाठी हप्ता साधारण २,५२८ डॉलर. बहुतेक जण इथेच थांबतात आणि "भाड्यापेक्षा थोडंच जास्त" असं म्हणून पुढे जातात.

आता टॅक्स. या भागात घराच्या बाजारभावाचा एक तृतीयांश भाग टॅक्ससाठी धरतात. ५ लाखांच्या घराचे १,६६,६६७. राहत्या घराची सूट ड्युपेज, विल आणि केन काउंटीत ८,०००, केंडलमध्ये ६,०००. सूट वजा करून उरलेल्यावर त्या पत्त्याचा दर लागतो. हा दर शाळा, पार्क, लायब्ररी, गाव, काउंटी अशा सगळ्यांचा मिळून असतो आणि रस्ता ओलांडला तरी बदलू शकतो. उदाहरणादाखल तो ७ टक्के धरला, तर १,५८,६६७ वर सुमारे ११,१०० डॉलर वर्षाला, महिन्याला ९२५. इन्शुरन्स आणि एचओएचे (वसाहतीच्या सोसायटीच्या वर्गणीचे) मिळून दोन-अडीचशे धरा. हप्ता २,५२८ वरून ३,७०० च्या आसपास गेला. घराचं बजेट या आकड्यावरून ठरवायचं.

टॅक्सचा आकडा लिस्टिंगवरून उचलू नका. काउंटीच्या साइटवर पार्सल नंबर (त्या जागेचा नोंदणी क्रमांक) टाकून प्रत्यक्ष बिल उघडा आणि तीन गोष्टी बघा:

– आधीच्या मालकाला कोणत्या सवलती होत्या? ज्येष्ठ नागरिकांची सवलत किंवा सीनिअर फ्रीझ (ज्येष्ठांसाठी गोठवलेलं मूल्यांकन) असेल तर बिल कमी दिसतं. घर तुमच्या नावावर आलं की ते वर जातं.
– बिलात "एसएसए" अशी ओळ आहे का? स्पेशल सर्व्हिस एरिया म्हणजे सबडिव्हिजनचे (घरांच्या वसाहतीचे) रस्ते, पाइपलाइन वगैरेंसाठी काढलेल्या रोख्यांची परतफेड. ती वीस-तीस वर्षं चालते. यॉर्कव्हिलसारख्या नव्याने वाढलेल्या गावांत ही ओळ बऱ्याच सबडिव्हिजनना आहे. किती वर्षं उरली आणि एकरकमी फेडता येते का, हे गावाच्या ऑफिसात विचारा. काही एसएसए नुसत्या कागदावर असतात: एचओएने तळ्याची देखभाल सोडली तरच गाव वसुली करतं.
– बिल कोणत्या वर्षाचं आहे? इथे टॅक्स एक वर्ष मागून भरतात. २०२५ चा टॅक्स २०२६ मध्ये, साधारण जून आणि सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत.

पडताळणी: हप्ता, टॅक्स, एसएसए, इन्शुरन्स, एचओए एका ओळीत लिहून बेरीज केली का? डाउन पेमेंट सोडून किमतीच्या २ ते ३ टक्के रक्कम क्लोजिंगच्या (घर नावावर होण्याच्या दिवशीच्या) खर्चासाठी वेगळी आहे का? नेपरव्हिलमध्ये गावाचा ट्रान्स्फर टॅक्स खरेदीदार भरतो, हजारामागे ३ डॉलर. ५ लाखांच्या घरावर ते १,५०० झाले.

२. भारतातून येणारे पैसे आधी हलवा

लेंडर, म्हणजे कर्ज देणारी बँक किंवा कंपनी, शेवटच्या दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट बघतो. त्यात अचानक मोठी रक्कम दिसली की तिचा उगम विचारतो. पुण्या-मुंबईहून पैसे येणार असतील तर ते घर बघायला लागण्याच्या तीन-चार महिने आधी इथल्या खात्यात यायला हवेत.

आईवडील भारतात राहणारे असतील तर प्रत्येकाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. अडचण मर्यादेची नसते, टीसीएसची (पैसे पाठवताना आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराची) असते. वर्षात १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापून घेते. ४० लाख पाठवायचे तर ३० लाखांवर ६ लाख. ते रिटर्न भरल्यावर परत मिळतात किंवा टॅक्समध्ये वळते होतात, पण त्या दिवशी बाबांच्या खात्यात ४० नव्हे, ४६ लाख लागतात. हे आधी सांगितलं नाही, तर ऐन वेळी एफडी मोडण्याची धावपळ त्यांची होते.

सोबत लेंडरच्या नमुन्यातलं गिफ्ट लेटर लागतं. ही भेट आहे, परत द्यायची नाही, असं त्यात स्पष्ट हवं. परदेशातून एका वर्षात एक लाख डॉलरहून जास्त भेट आली तर आयआरएसकडे फॉर्म ३५२० भरावा लागतो. त्यावर कर नाही, पण फॉर्म राहिला तर दंड मोठा आहे.

स्वतःच्या नावावरचा फ्लॅट विकून पैसे आणणार असाल तर आणखी वेळ धरा. एनआरआय विक्रेत्याचा टीडीएस खरेदीदाराने कापायचा असतो. कमी टीडीएसचं प्रमाणपत्र विक्रीच्या आधी काढलं नाही तर मोठी रक्कम रिटर्न भरेपर्यंत अडकते. एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या प्रमाणपत्रासह.

सावधान: एच-१बीवर असाल तर मे २०२५ पासून एफएचए (सरकारी हमीचं) कर्ज मिळत नाही. कमी डाउन पेमेंटचा तो रस्ता आता ग्रीनकार्डधारक आणि नागरिकांपुरताच आहे. कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं, कर्ज मिळतं. आय-७९७ ची (व्हिसाच्या मंजुरीपत्राची) मुदत संपत आली असेल तर मुदतवाढीचा अर्ज केल्याची पावती जवळ ठेवा.

३. शाळा पत्त्यावरून ठरते, गावाच्या नावावरून नाही

ऑरोरा चार काउंटींत पसरलेलं आहे आणि तिथला पत्ता १२९, १३१, २०४ किंवा ३०८ यांपैकी कोणत्याही क्रमांकाच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत) असू शकतो. प्लेनफील्डचा पत्ता २०२, २०४ किंवा ३०८ मध्ये. "नेपरव्हिलची शाळा" म्हणून जी ख्याती कानावर येते ती २०३ आणि २०४ या दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टची आहे, आणि २०४ मध्ये ऑरोराचा मोठा भाग येतो. म्हणजे ऑरोराचा पत्ता असूनही मूल २०४ च्या मेटिया व्हॅली हायस्कूलला जाऊ शकतं. नुसत्या गावाच्या नावापायी चांगलं घर सोडणारे आणि नुसत्या नावापायी भलतं घर घेणारे, दोघेही भेटतात.

घर यादीत घेण्याआधी डिस्ट्रिक्टच्या साइटवर पूर्ण पत्ता टाका. एलिमेंटरी, मिडल, हायस्कूल तिन्ही वेगवेगळे तपासा. झिलोवरची शाळा पुरावा नव्हे. नवं सबडिव्हिजन असेल, तर पत्ता साइटवर सापडत नाही. तेव्हा डिस्ट्रिक्ट ऑफिसला लॉट नंबर देऊन ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. वाढत्या भागात मुलं वाढली की हद्दी बदलतात, म्हणून हद्दबदलाची चर्चा चालू आहे का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

४. प्री-अप्रूव्हल आणि एजंट

प्री-अप्रूव्हल म्हणजे किती कर्ज मिळेल याचं लेंडरचं पत्र. ते घेताना दोन-तीन लेंडरकडून लोन एस्टिमेट (कर्जाच्या दराचा आणि खर्चाचा अंदाज) मागवा, सगळे दोन आठवड्यांच्या आत. क्रेडिट स्कोअर त्या चौकशा एकच धरतो. तुलना करताना व्याजदराशेजारी पॉइंट्स (दर कमी करून घेण्यासाठी आधी भरायची रक्कम) आणि लेंडर फी बघा.

ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी एजंट लेखी करार करून घेतो. कमिशन किती, विक्रेत्याने दिलं नाही तर कोण देणार, करार किती महिन्यांचा, हे वाचूनच सही करा. पहिला करार कमी मुदतीचा मागायला हरकत नाही.

५. घर बघताना

पहिली चक्कर घरात नाही, रस्त्यावर मारा. शाळा सुरू होण्याच्या वेळी घरापासून रूट ५९ स्टेशनपर्यंत किंवा आय-८८ महामार्गापर्यंत स्वतः गाडी चालवा. मेट्राची (उपनगरी रेल्वेची) बीएनएसएफ लाइन ऑरोराला संपते. प्लेनफील्ड, ओस्वीगो आणि यॉर्कव्हिलला स्टेशन नाही.

दिशेबद्दल एक गोष्ट वास्तूवाले सांगत नाहीत: ड्राइव्हवे उत्तरेला असेल तर जानेवारीत बर्फ घराच्या सावलीत पडून राहतो आणि त्याचा काचेसारखा थर होतो. दक्षिणेकडचा ड्राइव्हवे उन्हाने निम्मा आपोआप मोकळा होतो. पूर्वेचं दार हवंच असेल तर मागा, पण पूर्वमुखी घरासाठी वर पैसे मोजताना ड्राइव्हवेकडेही बघा.

किचनमध्ये मायक्रोवेव्हच्या वरचं कपाट उघडा. आत धातूचा डक्ट दिसला तर हवा बाहेर जाते. डक्ट नसेल, तर तो पंखा फोडणीचा धूर जाळीतून गाळून तुमच्याच तोंडावर सोडतो. या भागातल्या बिल्डरच्या घरांत असं सर्रास असतं. नंतर डक्ट काढायचा तर भिंत किंवा छत फोडावं लागतं. गॅस बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर काम सोपं. ४०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) वरचा हूड लावायचा तर कोडप्रमाणे बाहेरची हवा आत आणायचीही सोय लागते.

आईवडील सहा-सहा महिने राहायला येणार असतील तर तळमजल्यावर खोली आणि शॉवरसह बाथरूम आहे का? "डेन (अभ्यासाची खोली) आहे, करून घेता येईल" हे वाक्य खर्चिक आहे. डेनशेजारी बहुधा फक्त टॉयलेट आणि बेसिन असतं.

वीज, पाणी कोणाचं तेही विचारा. नेपरव्हिलची वीज गावाची स्वतःची आहे, आजूबाजूला कॉमएड कंपनीची. नेपरव्हिलला मिशिगन सरोवराचं पाणी येतं. ओस्वीगो, माँटगोमेरी, यॉर्कव्हिल आजवर विहिरींवर होती, पाणी जड, सॉफ्टनर लागतो. ही गावंही सरोवराच्या पाण्याकडे वळत आहेत आणि त्या पाइपलाइनचा खर्च पाण्याच्या बिलातून वसूल होणार आहे.

६. ऑफर आणि पाच दिवस

या भागात वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या करारात स्वीकृतीनंतर कामाचे पाच दिवस मिळतात. त्यात तुमचा वकील करार तपासतो आणि त्याच पाच दिवसांत इन्स्पेक्शन उरकायचं असतं. ऑफर मान्य झाल्यावर वकील शोधायला निघालात तर दोन दिवस तिथेच जातात. वकील आणि इन्स्पेक्टर ऑफरच्या आधी ठरवून ठेवा.

वकिलाला प्रॉपर्टी टॅक्सच्या विभागणीबद्दल नक्की विचारा. टॅक्स मागून भरत असल्याने विक्रेता त्याच्या महिन्यांचा टॅक्स क्लोजिंगला तुम्हाला क्रेडिट म्हणून देतो. शेवटच्या बिलाच्या १०० टक्के की १०५, हे वाटाघाटीत ठरतं. ही सूट नाही. पुढच्या जूनच्या बिलासाठी त्याने तुमच्याकडे ठेवलेले त्याचे पैसे आहेत. त्यातून सोफा घेतला की जूनमध्ये कळतं.

सावधान: इन्स्पेक्शनची अट सोडून दिलेली ऑफर चढाओढीत जिंकते खरी. तसं करायचंच असेल तर किमान ऑफरच्या आधी इन्स्पेक्टरला सोबत नेऊन घर दाखवा.

७. इन्स्पेक्शन: इन्स्पेक्टरसोबत स्वतः उभे राहा

अहवाल चाळीस पानांचा येतो आणि त्यात सैल नळापासून छपरापर्यंत सगळं सारख्याच अक्षरांत असतं. किरकोळ दुरुस्त्यांची यादी विक्रेत्याला पाठवू नका, करारात तशी मुभाही नसते. लक्ष चार ठिकाणी द्या.

*संप पंप.* बेसमेंटच्या कोपऱ्यात झाकण असलेला खड्डा असतो. त्यात जमिनीतलं पाणी जमतं आणि हा पंप ते बाहेर फेकतो. झाकण उघडून वीसेक लिटर पाणी बादलीने हळूहळू ओता. फ्लोट वर येऊन पंप सुरू झाला पाहिजे आणि पाणी खाली गेल्यावर बंद झाला पाहिजे. बंद होताच पाइपमधलं पाणी धबकन परत खड्ड्यात पडलं आणि पंप पुन्हा सुरू झाला, तर चेक व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) गेला आहे. आता मुख्य पंपाचा प्लग काढून पुन्हा पाणी ओता: बॅटरी बॅकअप चालतो का? वादळात वीज जाते तेव्हाच पंप सर्वांत जास्त लागतो, आणि बॅटरीवरची तारीख बहुधा कोणीच बघितलेली नसते. मग बाहेर जाऊन पाणी कुठे पडतं ते बघा. भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमिनीला ६ इंच उतार हवा. उतार घराकडे असेल, तर तेच पाणी फिरून त्याच खड्ड्यात येतं.

जुलै १९९६ मध्ये ऑरोराला एका दिवसात सुमारे १७ इंच पाऊस झाला होता, म्हणून "आमच्याकडे कधी पाणी आलं नाही" या वाक्यावर भिस्त ठेवू नका. साध्या होम इन्शुरन्समध्ये संपच्या पाण्याचं नुकसान धरलेलं नसतं. "वॉटर बॅकअप" वेगळं जोडून घ्यावं लागतं. फेमाच्या (केंद्रीय आपत्ती यंत्रणेच्या) नकाशावर घर एई झोनमध्ये (पुराच्या धोक्याच्या पट्ट्यात) असेल, तर लेंडर पुराचा विमाही मागेल.

*रेडॉन.* जमिनीतून येणारा हा वायू वासाने कळत नाही. चाचणी किमान ४८ तासांची, राहण्याजोग्या सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडक्या-दारं १२ तास आधीपासून बंद ठेवून. प्रतिलिटर ४ पिकोक्युरी किंवा जास्त आलं तर उपाय करायचा. पाइप आणि पंखा बसवायला साधारण हजार ते दोन हजार डॉलर लागतात आणि ते विक्रेत्याकडून मागता येतात. जून २०१३ नंतरच्या नव्या घरांत पाइप आधीच असतो, पण पंखा असेलच असं नाही. पाइप दिसला म्हणून चाचणी टाळू नका. चाचणी चालू असताना विक्रेत्याने खिडकी उघडी ठेवली असेल तर आकडा फुकट.

*छप्पर.* शिंगल्स वीस-पंचवीस वर्षं टिकतात, गारपीट झाली तर कमी. इन्शुरन्स कोट इन्स्पेक्शनच्या आठवड्यातच घ्या आणि दोन गोष्टी विचारा: वारा-गारपिटीचं डिडक्टिबल (नुकसानीतला तुम्ही भरायचा वाटा) ठरावीक रक्कम आहे की घराच्या विमा रकमेच्या १-२ टक्के? आणि जुन्या छपराची नवी किंमत देणार की घसारा कापून?

*फर्नेस, एसी, वॉटर हीटर.* सीरियल नंबरवरून वय काढा. फर्नेस १५-२० वर्षं, एसी १२-१५, वॉटर हीटर १०च्या आसपास. तिन्ही एकाच वयाचे असतील तर ते एकामागोमाग जाणार.

बेसमेंटमध्ये खोल्या बांधून घेतल्या असतील, तर गावाने अंतिम तपासणी करून त्या कामाची परमिट बंद केली आहे का, हे वकिलाला बघायला सांगा. बाहेर पडता येईल अशी खिडकी नसलेली खोली बेडरूम म्हणून मोजू नका, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

८. नवं बांधकाम घेत असाल तर

मॉडेल होममधली हसतमुख व्यक्ती बिल्डरची आहे. तुमचा एजंट पहिल्याच भेटीत सोबत नसेल, तर बरेच बिल्डर नंतर त्याला मोजत नाहीत. बिल्डरचा करार बिल्डरनेच लिहिलेला असतो. त्यात वकिलाचे पाच दिवस आपोआप येत नाहीत, ते सहीआधी मागून लिहून घ्यावे लागतात.

लॉटच्या नकाशावर मागच्या अंगणातून जाणारी ड्रेनेज ईझमेंट (पाणी वाहून जाण्यासाठी राखीव पट्टा) बघा. त्या पट्ट्यात कुंपण, शेड, डेक यांना बहुधा परवानगी नसते. ड्रायवॉल लावण्याआधी स्वतःचा इन्स्पेक्टर न्या आणि हूडचा डक्ट बाहेर काढायचा असेल तर तेव्हाच. दुसरं इन्स्पेक्शन अकराव्या महिन्यात, वर्षाची वॉरंटी संपायच्या आत.

सगळ्यात मोठा फटका एस्क्रोचा, म्हणजे टॅक्ससाठी लेंडर हप्त्यासोबत कापून ठेवतो त्या रकमेचा. सुरुवातीला टॅक्स नुसत्या जमिनीवर असतो, समजा वर्षाला २,४०० डॉलर. लेंडर त्यावरून महिना २०० कापतो. पुढे पूर्ण घराचं बिल येतं १२,०००. म्हणजे कापायला हवे होते १,०००. तुटलेले ९,६०० डॉलर बारा महिन्यांत वसूल करायचे तर ८०० महिना, शिवाय चालू टॅक्ससाठी ८०० जास्त. हप्ता एकदम १,६०० ने वाढतो. लेंडरला पूर्ण घराचा अंदाज धरून एस्क्रो ठेवायला सांगा. त्याने नाही ऐकलं तर फरकाची रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका.

९. क्लोजिंगपर्यंत

नोकरी बदलू नका, गाडी घेऊ नका, फर्निचरसाठी नवं स्टोअर कार्ड काढू नका. क्लोजिंगच्या आधी लेंडर क्रेडिट पुन्हा बघतो. क्लोजिंग डिस्क्लोजर (कर्जाचा आणि खर्चाचा अंतिम हिशेब) क्लोजिंगच्या आधी कामाचे तीन दिवस असताना येतं. ते लोन एस्टिमेटशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून घ्या. ५० हजार डॉलर किंवा जास्त रक्कम वायरनेच पाठवावी लागते.

सावधान: "वायरचं खातं बदललं आहे" असा ईमेल आला तर तो फसवणुकीचा समजा. टायटल कंपनीला (क्लोजिंगचे कागद आणि पैसे हाताळणाऱ्या कंपनीला) तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा, ईमेलमधल्या नंबरवर नाही.

शेवटच्या वॉकथ्रूला (क्लोजिंगआधीच्या घरातल्या फेरीला) सगळे नळ, सगळ्या खोल्यांचे दिवे, फर्नेस आणि गॅरेजचं दार चालवून बघा. विक्रेत्याने कबूल केलेल्या दुरुस्त्यांच्या पावत्या हातात घ्या.

१०. चावी मिळाल्यावर

राहत्या घराची सूट आपोआप तुमच्या नावावर येईल असं धरू नका. टाउनशिप असेसर किंवा काउंटीकडे विचारून अर्ज भरा. मूल्यांकनाची नोटीस आली आणि त्यातला बाजारभाव तुमच्या खरेदी किमतीहून जास्त असेल, तर ती प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडे अपील करता येतं. ताजा खरेदी करार हा त्यातला भक्कम पुरावा. तीस दिवस उलटले की वर्ष गेलं.

पहिल्या थंडीआधी, ऑक्टोबरच्या शेवटी, बाहेरच्या नळांचे होज काढा. होज लावलेला राहिला तर नळामागचा पाइप भिंतीच्या आत फुटतो आणि कळतं वसंतात, पहिल्यांदा नळ सोडल्यावर. संपचा बाहेरचा पाइप लांबवलेला असेल तर जोडलेला तुकडा काढून ठेवा, त्यात पाणी गोठलं की पंप चालूनही पाणी बाहेर जात नाही. फर्नेसचे दोन पांढरे पाइप (एक हवा आत घेतो, एक धूर बाहेर सोडतो) भिंतीतून कुठे बाहेर येतात ते बघून ठेवा आणि मोठ्या हिमवर्षावानंतर ड्राइव्हवेच्या आधी त्यांच्यासमोरचा बर्फ काढा.